पद्मिनीचं वायरिंग कापण्याआधी गोणीतली तांब्याची पट्टी बाहेर काढा

प्रश्न देवगडहून आलाय, थोडक्यात असा: वडिलांची १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी नऊ वर्षं मांगरात उभी होती. गेल्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. रंगासाठी पेंटरने सगळं वायरिंग काढलं, परत लावलं आणि उरलेलं सामान गोणीत भरून दिलं. आता सेल्फ मारला की इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेतं आणि चोकच्या केबलीतून धूर येतो. हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा आपोआप सरकतो. उजवा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंगचा दिवाही त्याच्याच ठेक्यात लुकलुकतो. दोनदा ढकलून गाडी चालू केली, तेव्हा चार्जिंगचा लाल दिवा काही विझला नाही. गावातला वायरमन म्हणतो, सगळं कापून नवा सेट टाकू. गोणीतल्या सामानाचे आणि बोनेटखालचे फोटो सोबत आहेत, आणि विचारलंय की यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, सुरुवात कुठून करायची.

आधी वायरमनला थांबवा. आणि ही पुढची ओळ वाचेपर्यंत सेल्फला हात लावू नका. चोकची केबल थेट कार्बोरेटरला जाते, तिथे पेट्रोलची वाफ असते. लालबुंद केबल आणि पेट्रोल हे एकत्र आलं तर वडिलांची गाडी मांगरासकट जाईल.

तुमच्या दुसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, प्लगांच्या खाली, वेणीसारखी विणलेली एक चपटी पट्टी दिसतेय. वीतभर लांब, काळपट, दोन्ही टोकांना भोक. ती तुम्ही ‘काहीतरी पट्टी’ म्हणून बाजूला ठेवलीय. ती इंजिनाची अर्थिंगची पट्टी आहे, आणि तुमच्या अर्ध्या तक्रारींचं उत्तर तिच्यात आहे.

बोनेटखालच्या फोटोत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला लावलेली दिसते. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं आहे. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी मोटर, इंजिनाला बोल्टने आवळलेला असतो. सेल्फ फिरताना शंभरावर अँपिअर खेचतो, आणि जेवढी वीज जाड केबलीतून आत गेली तेवढीच परत बॅटरीला यायला हवी. ती यायची वाट म्हणजे ही पट्टी: इंजिनापासून बॉडीला. पट्टी नाही म्हटल्यावर वीज मिळेल त्या वाटेने परत येते, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या वस्तू दोन-तीनच: अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, स्पीडोमीटरची केबल आणि चोकची केबल. चोकची केबल म्हणजे पोलादाची बारीक तार. तिच्यातून शंभर अँपिअर गेले की तिची शेगडी होते. सेल्फला पुरेशी वीज मिळत नाही म्हणून तो कण्हतो, आणि केबल धुरते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

ही पट्टी पेंटर हमखास विसरतात. गेल्या बत्तीस वर्षांत रत्नागिरीच्या माझ्या गॅरेजात रंगून आलेल्या जुन्या गाड्यांपैकी कित्येक याच एका कारणाने माझ्याकडे आल्या. त्यात पेंटरचा वाईट हेतू नसतो. त्याचं काम पत्र्याचं. काळी, तेलकट पट्टी त्याला कचरा वाटते.

पट्टी पितळी ब्रशने घासून घ्या. तारा तुटून अर्ध्या उरल्या असतील तर नवी घ्या, ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातही मिळते. जिथे ती बॉडीला लागणार तिथला नवा रंग पॉलिश पेपरने काढा, अगदी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, रुपयाच्या नाण्याएवढा गोल. नवीन रंग खरवडायला जिवावर येतं, मला कळतं. पण रंग हा विजेसाठी बंद दरवाजा आहे. दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आवळल्यानंतर लावायची, आधी नाही.

आता मोजून खात्री करा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरला (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याला) जाणारी जाड वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि घरातल्या कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२–०.३ व्होल्ट दिसले तर वाट मोकळी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी अजून रंग, गंज किंवा ढिला बोल्ट आहे. आज पट्टीशिवाय मोजलंत तर तीन-चार व्होल्टही दिसतील. बॅटरीच्या बारातले तेवढे परतीच्या वाटेतच संपताहेत. पण पट्टीशिवाय मोजू नका, धुराचं कारण वर सांगितलंय.

पेट्रोलचा काटा आणि लुकलुकणारा पार्किंग दिवा हे त्याच आजाराचे लहान भाऊ. मागच्या दिव्याचं घर पत्र्याला स्क्रूने बसतं आणि त्या स्क्रूतूनच परतीची वाट असते. तिथे आता रंगाचा थर आहे. २१ वॉटच्या इंडिकेटरच्या बल्बाला परत जायला वाट मिळाली नाही की त्याची वीज शेजारच्या ५ वॉटच्या पार्किंग बल्बाच्या तारेतून उलटी शिरते, पार्किंगच्या वायरीतून दुसऱ्या बाजूच्या दिव्यापर्यंत जाते आणि तिथे पत्रा गाठते. म्हणून दोघं एका ठेक्यात लुकलुकतात. डॅशबोर्डच्या मीटरचंही तसंच: मीटरच्या आतल्या दिव्याची आणि काट्याची परतीची वाट सामाईक असते, ती अरुंद झाली की दिवा लावताच काटा हलतो. ज्या गाडीत एक वस्तू लावल्यावर दुसरीच काहीतरी करते, तिथे पहिल्यांदा अर्थिंग बघायचं. नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतं, हा माझा अनुभव.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुमचं वायरिंग खराब आहे असं अजून कुठेच सिद्ध झालेलं नाही. जाण्याची वाट ठीक आहे, येण्याची बंद आहे. नवा सेट टाकून येण्याची वाट उघडणार नाही, कारण नवा सेटही त्याच रंगलेल्या पत्र्यावर आवळला जाईल.

तरीही वायर तपासायच्याच, आणि किनाऱ्यावर जरा जास्त बारकाईने. घाटावरची गाडी आणि देवगडची गाडी यात फरक आहे. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही टर्मिनलांवर ओलसर थर राहतो. तो लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या पितळी कानाच्या) तोंडातून वायरीच्या आत, तारांच्या मधल्या फटींतून वर चढतो. वात तेल ओढते तसा. बाहेरून वायर निळी, पिवळी, छान दिसते आणि आत तांबं काळं पडलेलं असतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हाची एक अ‍ॅम्बेसेडर माझ्याकडे आली होती. एक दिवस आणि एक रात्र पाण्यात. मालकाने ती धुतली, वाळवली, तेल बदललं आणि भाद्रपदात गाडी चालू झाली. सगळे खूश. पुढच्या दिवाळीपासून एकेक दिवा जायला लागला. मी हेडलाइटच्या कपलरजवळची वायर सोलली तर तांबं कोळशासारखं. आणखी चार बोटं सोललं, काळंच. वीतभर गेल्यावर कुठे लालसर तांबं दिसलं. काळ्या तांब्यावर डाख (सोल्डर) धरत नाही, लग आवळला तरी आतून वाट मिळत नाही. त्या गाडीचा पुढचा अर्धा सेट मी बदलला. डिकीकडचा मधला भाग, जिथे जोड नव्हते, तो उत्तम होता. तो तसाच ठेवला आणि आजही चालतोय. पाणी जोडांतून शिरतं, मधूनच नाही. बदलायचं ते टोकापासून चांगलं तांबं लागेपर्यंत. उरलेल्याला हात लावायचं कारण नाही.

तुमच्याकडे तीन जागा सोलून बघा: हेडलाइटचं टोक, मागच्या दिव्याचं टोक, फ्यूज बॉक्सचं टोक. दोन-दोन इंच. लाल तांबं असेल तर तेवढाच लग बदला. शिवाय बोनेटखालची प्रत्येक वायर बोटाभोवती वाकवून बघा. इंजिनच्या उष्णतेने प्लास्टिकमधला लवचीकपणा उडून जातो. वाकवताना तडा गेला तर ती वायर बदलायची, आतलं तांबं कितीही लाल असो. आणि नऊ वर्षं मांगरात म्हणजे उंदीर आलेच. मागच्या सीटखाली आणि डॅशच्या मागे हात घालून, टॉर्चच्या उजेडात, वायरीची चव कुठे घेतलीय ते बघा.

यानंतर एक साधी परीक्षा, जिला माझ्याकडे शिकायला येणारी मुलं ‘बल्बाची परीक्षा’ म्हणतात. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा. क्लॅम्प आणि खुंटा यांच्या मधे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. सगळे स्विच बंद, दारं बंद, किल्ली बंद. बल्ब काळा राहिला पाहिजे. लख्ख पेटला तर कुठेतरी वायर पत्र्याला चिकटलीय. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजबरोबर बल्ब विझेल त्या रांगेत दोष. एकाही फ्यूजने विझला नाही तर फ्यूज नसलेल्या रांगेत शोधा: त्या काळातल्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या मुख्य वायरी सहसा फ्यूजशिवायच असतात. या परीक्षेत शॉर्ट असला तरी वायर जळत नाही, सगळा भार बल्ब घेतो. बॅटरी थेट जोडून ‘बघू काय होतं’ असं कधीच करू नका.

आता गोणी. खळ्यात जुनी चादर पसरा आणि सगळं तिच्यावर ओता. आंब्याच्या रिकाम्या पेट्या घरात असतीलच, चार आणा. इंजिनचं, दिव्यांचं, डॅशचं, आणि ‘ओळखत नाही’ अशी चौथी. गाडी सलग एक पावसाळा चालेपर्यंत यातलं काहीही टाकायचं नाही. मोडकंसुद्धा. मोडक्या वस्तूवर नंबर असतो, भोकांचं अंतर असतं, आट्यांचं माप असतं. दुकानात नमुना नेला की काम होतं, तोंडी वर्णनाने होत नाही.

तुमच्या फोटोंवरून ओळखू येणारं सांगतो. अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनिअमचा गोल डबा, वर दोन-तीन पट्ट्या, तो फ्लॅशर. आतली पट्टी तापून वाकते आणि टिकटिक होते, म्हणून त्याला ठरावीक वॉटचेच बल्ब लागतात. कुणी हौसेने एलईडी घालायला सांगितलं तर हा फ्लॅशर नीट चालणार नाही. करंगळीएवढं नळकांडं, एक वायर आणि एक कान असलेलं, ते डिस्ट्रिब्यूटरचं कंडेन्सर. ते नसेल तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारी टोकं, पाच-पन्नास किलोमीटरांत जळतात आणि ठिणगी अशक्त होते. मग गाडीत दुसरंच आहे की जुनं काढून ठेवलंय, ते आधी बघा. आट्या असलेला, मागे दोन पिना असलेला पितळी तुकडा म्हणजे ब्रेकलाइटचा स्विच. तो ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो, म्हणजे आत्ता त्याच्या जागी दुसरा असणार किंवा भोक बुजवलेलं असणार. बुजवलेलं असेल तर कशाने, ते नीट बघा. हा विषय ब्रेकचा आहे, त्यात चालढकल नको. काळ्या झाकणाची डबी आणि आत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, तो रेग्युलेटर-कटआउट, चार्जिंग ताब्यात ठेवणारा. त्याच्याकडे नंतर येतो.

आणि ती मूठभर काळी रबराची वेटोळी. तुम्ही विचारलंय की ही टाकू का. मुळीच नको. ही ग्रोमेट. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे ही बसतात. पेंटरने वायर परत घालताना ग्रोमेट गोणीत टाकली, म्हणजे या घडीला तुमच्या गाडीत तेवढ्याच जागी वायर उघड्या पत्र्याच्या धारेवर घासतेय. गाडी हलेल तसा एकेक केस कापला जाईल आणि एके दिवशी हातखंब्याच्या चढावर डॅशमधून धूर येईल. मी जळालेल्या ज्या जुन्या गाड्या पाहिल्या त्यांत चांगल्या वायरी या एका रबरापायी जळालेल्या पाहिल्या. भोकं मोजा, ग्रोमेट मोजा, प्रत्येक भोकात एक बसलंच पाहिजे. रबर कडक झालं असेल तर नवं घ्या, गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

पितळी लग आणि टर्मिनलं हिरवी पडलीत. तांब्याचे हंडे घासतो तसंच करा: आमसुलं गरम पाण्यात कुस्करा, त्यात तासभर टाका, ब्रशने घासा. सोन्यासारखी होतात. पण आंबट पाणी आत राहिलं तर आठवड्यात पुन्हा हिरवी होतात, म्हणून नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने दोनदा धुवून पूर्ण वाळवा. वायरीला लावलेला लग मात्र असा बुडवू नका. आंबट पाणी वातीसारखं वर चढेल.

नवा सेट घ्यायचीच वेळ आली तर काय? जुना काढताना एक गोष्ट पाळा. १९९४ साली मी नवखा होतो. एका पद्मिनीचं कुरतडलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, काढलं आणि भंगारात दिलं, नवा सेट मुंबईहून येणारच होता. आला तो दुसऱ्या सालाच्या गाडीचा. वायरी दोन ठिकाणी आखूड, रंग वेगळे, फ्यूज बॉक्सची मांडणी वेगळी. ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, १९७४ पासून पद्मिनी नावाने, आणि मधे लहान-लहान बदल होत राहिले. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. माझ्याकडे ताडून बघायला काहीच नव्हतं. बावीस दिवस गाडी उघडी पडली होती, आणि त्या काकांच्या घरी लग्न होतं. तेव्हापासून जुनं हार्नेस मी गाडी मालकाच्या दारात पोचेपर्यंत जपून ठेवतो. कापलेलं, जळलेलं, उंदराने खाल्लेलं, कसंही असो, तोच त्या गाडीचा नकाशा असतो.

तो नकाशा असा वाचायचा. खळ्यात खडूने गाडीची बाह्यरेषा काढा, खऱ्या मापाची. बॅटरी कुठे, डॅश कुठे, डिकी कुठे, ते लिहा. हार्नेस त्याच्यावर पसरा. फांद्या आपोआप आपापल्या जागी पडतात: दोन पुढे हेडलाइटला, एक कॉइलला, एक लांब मागे. काढण्याआधी प्रत्येक टोकाला कापडी पट्टी बांधा आणि पेन्सिलीने लिहा. बॉलपेन आपल्या दमट हवेत पसरतं, कागदी टेप आषाढात सुटून पडते. पेन्सिल आणि कापड टिकतं. फोटोही काढा, पण फक्त फोटोंवर राहू नका. फोटोत एकामागे एक असलेल्या दोन वायरी एकच दिसतात.

रंगांवर फार विसंबू नका. अ‍ॅम्बेसेडर ब्रिटिश घराण्यातली, तिथे रंगांची भाषा ठरलेली आहे: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. बहुतेक वायरमन हीच भाषा शिकलेले असतात आणि ती फियाटला लावायला जातात. पद्मिनी इटालियन घराण्यातली. तिच्यात आकडे बघायचे. ३० म्हणजे थेट बॅटरी, १५/५४ म्हणजे किल्ली चालू केल्यावर येणारी, ३१ म्हणजे अर्थिंग. फ्यूज बॉक्सवर, स्विचच्या पाठीवर हे आकडे कोरलेले असतात. ब्रशने माती काढली की दिसतात. शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत कुणीतरी लाल वायरच्या जागी पिवळी जोडलेली असणारच, पण आकडे कुणी बदलत नाही.

वायर विकत घेताना तीन गोष्टी. घरात वापरायची जाड एकेरी तारेची वायर गाडीत नको, थरथरीने ती आतून तुटते. गाडीची वायर पुष्कळ बारीक तारांची असते. दुसरं, टोक ब्लेडने खरवडून बघा. वर तांबं आणि आत पांढरं निघालं तर ती अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा आहे. मला एका दुकानातून असा अख्खा बंडल मिळाला होता. किनाऱ्यावर ती दोन पावसाळे टिकत नाही. तिसरं, खिशात लोहचुंबक ठेवा. ‘पितळी’ म्हणून दिलेला लग चुंबकाला चिकटला तर तो रंगवलेला लोखंडी आहे. जाडीचं म्हणाल तर इंडिकेटर आणि डॅशला १ चौरस मिलिमीटर पुरते, हेडलाइटला २.५, डायनॅमोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, मुख्य वायरीला ६. लग दाबून बसवा, त्यावर आतून गम असलेली स्लीव्ह गरम करून चढवा. डाख मी टाळतो, कारण डाख संपतो तिथे वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच मोडते.

सामान मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या बाजारात अजून मिळतं. मात्र ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. टॅक्सी होत्या तोवर नवं सामान बनत होतं आणि जुनं सुटत होतं. आता तो झरा आटत चाललाय. म्हणूनच तुमच्या गोणीतलं सामान मोलाचं आहे. डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे आतली फिरणारी गुंडाळी, भरून घ्यायचं तर गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठा. उद्यमनगरात ते काम मनापासून करणारे आहेत.

फ्यूज तुमच्या फोटोत दिसताहेत ते चिनीमातीचे, पांढरे ८ अँपिअरचे आणि लाल १६ चे. एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आहे. ती आजच्या आज काढा. चांदीचा फ्यूज कधीच जात नाही, त्याऐवजी वायर जाते. फ्यूजची टोकं आणि ते धरणारे चिमटे पॉलिश पेपरने घासा आणि चिमटे किंचित आत वाकवा.

हेडलाइट मंद वाटला तर लगेच मोठे बल्ब आणू नका. आधी दिवा पेटता ठेवून बल्बाच्या पिनेवर व्होल्ट मोजा. १२ च्या जागी १०.८ पोचत असतील तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. उजेड व्होल्टपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. ६०/५५ वॉटचे बल्ब घालायचेच असतील तर दोन्ही मिळून हाय बीमला १० अँपिअर खेचतात. तेवढी वीज जुन्या डिपरच्या स्विचमधून नेऊ नका, रिले घाला, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारी डबी; तिच्या पिनांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची वायर फ्यूजमधून, ८७ वरून बल्बाला, ८५ आणि ८६ पैकी एक अर्थिंगला, दुसरी जुन्या स्विचच्या वायरीला. स्विचवर नाममात्र भार राहतो आणि तो दुर्मीळ स्विच जगतो.

राहता राहिला चार्जिंगचा लाल दिवा. डायनॅमोसुद्धा इंजिनवरच बसलाय, म्हणजे त्याची परतीची वाटही त्या पट्टीतूनच आहे. पट्टी बसवल्यावर कदाचित तो दिवा स्वतःच विझेल. नाही विझला तर आधी पंख्याचा पट्टा बघा, मधे दाबल्यावर साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. मग डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा, जाड टोक डी, बारीक टोक एफ. दोन्ही टोकं एका तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटरची लाल पिन तिथे, काळी डायनॅमोच्या अंगावर. इंजिन चालू करून हळूहळू वाढवा. आकडा सरसर चढला पाहिजे. २० व्होल्टला थांबा, पुढे नेऊ नका. अर्ध्या-एका व्होल्टवरच अडकला तर फील्ड (आतली न फिरणारी गुंडाळी) बघायची, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर, काहीच दाखवत नसेल तर आतले कार्बनचे ब्रश अडकलेत. नऊ वर्षांत ब्रश घरात चिकटून बसणं अगदी साहजिक आहे. मागची पट्टी सरकवून ते मोकळे करा आणि काळा पडलेला कम्यूटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) बारीक पॉलिश पेपरने फिरवून पुसा.

इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या डायनॅमोतली उरलीसुरली चुंबकशक्तीही कधी कधी जाते. ती परत द्यायची युक्ती अशी: इंजिन बंद, एफची वायर काढलेली, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर आणून एफच्या टोकाला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. छोटी ठिणगी पडेल. बास. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ आहे म्हणून पॉझिटिव्ह सांगितलं. ब्रिटिश घराण्यातल्या काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं, तिथे उलटं. डायनॅमो ठीक निघाला आणि दिवा तरीही पेटता राहिला तरच काळ्या झाकणाचा रेग्युलेटर उघडायचा. उघडल्यावर स्क्रू फिरवू नका, फक्त पॉइंटवरची धूळ कोऱ्या कागदाची पट्टी ओढून पुसा. स्क्रू फिरवायचं काम मीटर आणि अनुभव असलेल्याने करायचं.

बॅटरीच्या निगेटिव्हला एक कटऑफ स्विच बसवून घ्या, रोज रात्री बंद करायचा. आणि जळलेली चोकची केबल बदलाच, तिच्या आतलं पोलाद आता मऊ पडलेलं असेल आणि ऐन वेळी ती मधेच अडकेल.

मृगाला अजून पाच आठवडे आहेत. पट्टी, मागच्या दिव्यांचे स्क्रू, ग्रोमेट, एवढं आधी करा. ते दोन-तीन दिवसांचं काम आहे. मग मला दोन आकडे कळवा: सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधले व्होल्ट, आणि हेडलाइट पेटता असताना बल्बाच्या पिनेवरचे. वायरमनने काय कापायचं, किंवा काहीच कापायचं नाही, ते त्यावरून सांगतो.